अश्लेषाची जागा

९ ऑक्टोबर १९९१

पोचलो एकदाचा उज्जैनला. देवास गेटच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. समोरच्या टपरीवर एकाच कागदावर पोहे आणि जिलबी देतात हे पाहिलं आणि शीण गेला. पोह्यांवर मूठभर शेव, शेजारी कढईतली गरम जिलबी. जे गाव सकाळी उठून असं खातं ते माझ्याशी वाईट वागणार नाही, असं कल्पनाला पत्रात लिहिणार आहे. ती अजून साताऱ्यालाच आहे. घर मिळालं की आणायचं.

वेधशाळा नानाखेड्याच्या पुढे, सोयाबीनच्या शेतांत एका टेकाडावर आहे. एका न्यासाची लहानशी संस्था. घुमटात कॅमेरा बसवलेली दुर्बीण, खाली डार्करूम, कामाच्या दोन खोल्या आणि दारात पेरूचं झाड. आमचे प्रमुख गोपाळकृष्ण सर यांनी स्वतः फिरून सगळं दाखवलं. इथलं काम एकच, लघुग्रह शोधायचे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात हजारो खडक सूर्याभोवती फिरतात. त्यांतला कुणी न पाहिलेला एखादा सापडला आणि काही वर्षांनी त्याची कक्षा पक्की झाली, की शोधणाऱ्याला त्याचं नाव ठेवायचा हक्क मिळतो. मग ते नाव जगभर, कायमचं. सर म्हणाले, दिल्लीत सगळं खुलं होतंय, परदेशी फिल्मसाठी आता परवान्यांच्या खेपा नकोत, तू बरोबर वेळेला आलास. मलाही तसंच वाटतंय.

२३ ऑक्टोबर

इथे सुलभाताई म्हणून एक बाई येतात. मुलींच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाल्या. घराणं शिंद्यांच्या दरबारी कामाला होतं, त्यामुळे माळव्यात पिढ्या गेल्या. मराठी बोलतात पण निम्मी हिंदी. पगार घेत नाहीत, हौसेने येतात आणि सगळ्यांवर हुकूम चालवतात. पहिल्याच दिवशी माझं गणित तपासून म्हणाल्या, “सुहास, तू रट्टा मारून पास झालेला दिसतोस.” आपल्यासारखी नजर आख्ख्या मध्य प्रदेशात कुणाची नाही, हेही त्याच सांगतात.

फिल्म तपासायचं काम त्यांचं. एकाच आकाशाचे थोड्या वेळाच्या अंतराने घेतलेले दोन फोटो यंत्राखाली ठेवायचे, एक डाव्या डोळ्यासमोर, एक उजव्या. तारे दोन्हींत जागच्या जागी, म्हणून सपाट दिसतात. लघुग्रह मधल्या वेळात सरकलेला असतो, म्हणून तो ताऱ्यांच्या वर उचलल्यासारखा तरंगतो. आज त्यांनी मला एक जुना, माहीत असलेला खडक दाखवला. काळ्या पाटावर सांडलेली रांगोळी, आणि तिच्यातला एकच कण हवेत. मी ओरडलोच. त्या खूश झाल्या आणि घरून आणलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला.

१४ नोव्हेंबर

आज संध्याकाळी सुलभाताईंबरोबर राम घाटावर गेलो. त्या रोज जातात हे ठाऊक होतं, मला वाटायचं आरतीला. त्या आरतीकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसल्या आणि पाण्याशी बोलायला लागल्या. दिवसभरात काय झालं, कुठली भाजी केली, नवीन मुलगा साताऱ्याचा आहे, गणितात कच्चा आहे. मी अवघडून उभा.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. अश्लेषा नक्षत्रावर जन्मली म्हणून घरच्यांनी तोंडं वाकडी केली, शांती करा म्हणाले. ताईंनी शांती केली नाहीच, उलट तिचं नाव अश्लेषा ठेवलं. ज्याला घाबरता तेच घ्या तोंडात दिवसभर, असं सासूला म्हणाल्या होत्या. ती सहा वर्षांची असताना शिप्रेला पूर आला होता, आणि याच पायऱ्यांवरून तिचा पाय गेला. देह मिळाला नाही. यजमानही पुढे वारले. ताईंनी तिचे दिवस कधी होऊ दिले नाहीत.

“सापडलीच नाही ती,” त्या म्हणाल्या, “तर तेरावं कुणाचं करू?”

१९ जानेवारी १९९२

सापडला! दुपारी सुलभाताईंनी यंत्रावरून मान न उचलता हाक मारली. अगदी अंधूक ठिपका, पण तरंगत होता. मी यादी धुंडाळली, त्या जागी कुणीच नोंदलेला नाही. पुढच्या फिल्मवरही तो दिसला, थोडा पुढे सरकलेला. गोपाळकृष्ण सरांनी मला मिठी मारली.

लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या परदेशी केंद्राला कळवताना शोधणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी ताईंचं लिहायला घेतलं. त्यांनी मला बाहेर पेरूखाली बोलावलं. म्हणाल्या, “माझं नाव नको घालू. कक्षा पक्की व्हायला चार-पाच वर्षं जातील, तोपर्यंत मी असेन नसेन. मी गेले की नाव ठेवायचा हक्क कुणाच्या हातात पडेल? तुझ्या नावावर जाऊ दे शोध. तुला पुढे जायचंय. फक्त वेळ येईल तेव्हा अश्लेषा ठेवायचं. बस, और कुछ नहीं.”

मी म्हटलं, पण सापडला तुम्हाला. त्या म्हणाल्या, “मला खडक काय करायचाय? तिला कुठेतरी जागा हवी रे.”

मी त्यांच्या पाया पडून वचन दिलं. आनंदाने दिलं. आज मनात खोटं काही नव्हतं, हे लिहून ठेवतो.

२ जून १९९३

फार महिन्यांनी लिहितोय. फ्रीगंजात वरच्या मजल्यावर घर मिळालं. कल्पना आली. मागच्या नोव्हेंबरात केतकी झाली. बारशाला सुलभाताईंनी हाताने शिवलेलं झबलं आणलं आणि पाळणा म्हटला, बेसूर पण खणखणीत.

आपला खडक परत दिसला, गणिताने सांगितलेल्या जागीच. सूर्याभोवतीची त्याची फेरी चार वर्षांची आहे, आणि पृथ्वीच्या समोर तो साधारण सव्वा-दीड वर्षाने येतो. माझं नाव बाहेरच्या मासिकात छापून आलं. सरांनी मला बढती दिली. ताईंनी घाटावर लगेच जाऊन सांगितलं असणार, दिसला गं आज.

२६ फेब्रुवारी १९९६

केतकीला न्यूमोनिया झाला होता. आज दवाखान्यातून घरी आणली. मधले दिवस कसे गेले ते लिहवत नाही. नाकात नळी, ओठ निळे, आणि कल्पना पलंगाच्या दांडीला कपाळ लावून बसलेली. एका सकाळी डॉक्टर आमच्याशी बोलायचं टाळून निघून गेले. तेव्हा मला एकच वाटत होतं, ही गेली तर हिचं मागे काय राहील? चार फ्रॉक आणि एक फोटो.

आता ती समोर बसून वरणभात खातेय, निम्मा सांडतेय.

१९ मार्च १९९६

खडकाला क्रमांक मिळाला. कक्षा पक्की. नाव सुचवा म्हणून पत्र आलंय.

कल्पनाने पत्र वाचलं आणि रडायलाच लागली. म्हणाली, आपल्या केतकीचं ठेवा ना. वाचली पोर, तिच्या नावाने काहीतरी कायमचं होऊ दे. मी तिला वचनाचं कधी सांगितलं नव्हतं. आज सांगता आलं असतं. मी म्हटलं, बघू.

२२ मार्च

टॉवर चौकातल्या एसटीडी बूथवरून फॅक्स पाठवला. नावाच्या जागी केतकी. कागद यंत्रात ओढला जाताना क्षणभर टोक हातात होतं. ओढून घेता आलं असतं.

सुलभाताईंना मोतीबिंदू झालाय. वाचता येत नाही आताशा. त्यांना कोण सांगणार आहे? आणि मला पुढे दुसरा सापडेलच, तो अश्लेषा. उशीर होईल इतकंच. मेलेल्या मुलीला उशिराचं काय?

हे वाक्य मी लिहिलं. खोडत नाही.

२७ ऑक्टोबर १९९६

नाव जाहीर झालं. आज न्यासाने माझा सत्कार केला. पहिल्या रांगेत सुलभाताई होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा, जरीकाठी साडी. मांडीवर पेढ्यांचा मोठा डबा, सगळ्यांना वाटायला आणलेला. कशाबद्दल, ते मला कळलं.

गोपाळकृष्ण सरांनी नाव उच्चारलं. टाळ्या झाल्या. ताईंच्या टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि सगळ्यांच्या थांबल्यावरही थोडा वेळ चालू राहिल्या.

नंतर त्या पुढे आल्या, केतकीच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, छान नाव आहे बाळा तुझं. पेढे वाटले. जिन्यात मी त्यांना गाठलं. काय बोलणार होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. त्याच बोलल्या. “रोज सांगत होते रे तिला. थांब थोडी, तुझी जागा पक्की होतेय. आता काय सांगू?”

मी म्हटलं, ताई, दुसरा शोधतो. “शोध,” म्हणाल्या, आणि कठड्याला धरून उतरून गेल्या. त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर

ताई वेधशाळेत येत नाहीत. आज भाजी बाजारात दिसल्या. मी घाबरत विचारलं, घाटावर जाता ना? म्हणाल्या, गेले होते, आता ती तिथे नसते. पायऱ्या रिकाम्या असतात.

मी विचारलं, मग कुठे गेली? ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मेथीच्या जुड्या निवडायला लागल्या.

२४ नोव्हेंबर

केतकी चार वर्षांची झाली. मुलं आली, केक कापला. सगळे गेल्यावर ती गच्चीवर भातुकली मांडून बसली. दोन ताटल्या. दुसरी कुणाची, विचारलं. दीदीची. कुठली दीदी? गच्चीवरची. तिला भूक लागते पण ती खात नाही, तिच्या तोंडातून पाणी येतं, असं केतकी म्हणाली.

कल्पना हसली. या वयात मुलं असं करतातच. मीही हसलो.

९ डिसेंबर

दुपारी कल्पना वाळवण काढायला गच्चीवर गेली आणि तिथूनच हाक मारली. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते. लहान मुलीचे, पण केतकीपेक्षा मोठे. पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत. परतीचे नाहीत. कडक ऊन होतं तरी ते वाळत नव्हते. कल्पनाने पोछा मारला. खाली वास राहिला, शेवाळाचा आणि निर्माल्याचा.

टाकीवर सिमेंटचं झाकण आहे. दोघांनी मिळून सरकवावं लागतं.

१५ डिसेंबर

केतकीने जेवताना विचारलं, “बाबा, दीदी म्हणते मी तिच्या जागेवर बसलेय. म्हणजे कुठे?”

आमच्या घरात अश्लेषाचं नाव कधी निघालेलं नाही. कल्पनाला ते माहीतही नाही.

मी पोरीला उचलून दुसऱ्या पाटावर बसवलं. एवढंच सुचलं.

२० डिसेंबर

नाव बदलून द्या म्हणून विनंती पाठवली. चूक माझ्याकडून झाली, असं लिहिलं.

३ जानेवारी १९९७

उत्तर आलं. सभ्य, दोन ओळींचं. एकदा प्रसिद्ध झालेलं नाव बदलत नाहीत.

११ फेब्रुवारी

केतकी हाकेला ओ देत नाही. कान तपासले, काही दोष नाही. “केतकी” म्हटलं की ती मागे वळून बघते, जणू दुसऱ्या कुणाला हाक मारली आहे. केसांना नदीचा वास. कल्पना दोनदा नहाण घालते, जात नाही. काल ती कल्पनाला म्हणाली, “मला घरी कब जायचंय?” ही अशी भाषा आमच्याकडे कुणी बोलत नाही.

१८ फेब्रुवारी

सुलभाताईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. पाय धरले. म्हटलं, तुम्ही बोलवा तिला परत.

 मग रडू आलं त्यांना, मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, “सत्काराच्या दिवशी मी घाटावर गेले होते. रागात होते. तिला म्हटलं, तुझी जागा त्याने आपल्या पोरीला दिली, जा, त्याच्याकडे माग. एकदाच बोलले रे. दुसऱ्या दिवसापासून परत बोलावतेय. ऐकत नाही. लहानपणीही ऐकायची नाही.”

दोघं गुन्हेगार. पण पहिला मी.

शेवटी मीच म्हटलं, तिचे दिवस करू. त्यांनी मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

६ मार्च

खडक पुन्हा दिसायला लागलाय. फिल्म आज यंत्राखाली ठेवल्या. दुपार होती, खोलीत लख्ख उजेड. तारे सपाट. ठिपका वर नव्हता. खाली होता. ताऱ्यांच्या खूप खाली, विहिरीत पडलेल्या नाण्यासारखा.

डाव्या-उजव्या फिल्म चुकून उलट ठेवल्या की असं दिसतं. मी अदलाबदल केली. तरी खालीच. पुन्हा बदलल्या. आणखी खोल.

सरांना बोलावलं. ते म्हणाले, छान तरंगतोय की, काय झालं?

मला वर दिसत नाही.

२१ मार्च

राम घाट. सकाळची वेळ, ऊन चांगलं. सुलभाताई, मी, केतकी. केतकीला आणायची नव्हती, पण ती घरी थांबेना, कल्पनाला बोचकारलं तिने. गुरुजींनी दर्भ, तीळ, पिंड सगळं मांडलं. मी केतकीचं बोट घट्ट धरून उभा होतो. पाणी कमी होतं, हिरवं.

गुरुजींनी विचारलं, मृताचं नाव काय?

ताईंच्या तोंडून नाव निघेना. पुन्हा विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, “अश्लेषा.”

माझ्या हातातलं बोट हललं. केतकी म्हणाली, “काय गं आई?”

ताईंकडे बघून म्हणाली.

गुरुजी थांबले. मी ताईंकडे पाहिलं. त्या घाबरतील, मंत्र पुढे चालवा म्हणतील असं वाटलं. त्यांचा चेहरा — मी असा आनंद कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. त्यांनी हातातले तीळ खाली टाकले, पिंड बाजूला सारला आणि दोन्ही हात पसरले.

ती धावत गेली.

विधी झाला नाही.

२ एप्रिल

ताई रोज येतात. सकाळपासून. लाडू आणतात, तिला भरवतात, वेणी घालतात. ती त्यांच्याकडून खाते, कल्पनाच्या हातचं थुंकते. कल्पनाने मला विचारलं, ह्या कोण लागतात आपल्या? बंद करा यांचं येणं.

मी बंद करू शकत नाही. दार उघडलं की त्या उभ्या असतात आणि मला त्यांना आत घ्यावं लागतं. कुठल्या तोंडाने अडवू?

९ एप्रिल

कल्पनाला सगळं सांगितलं. पेरूखालचं वचन, फॅक्स, सगळं. ती ओरडली नाही. म्हणाली, त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर मी नको म्हटलं असतं. एवढंच सांगायचं होतं हो.

मग ती तोंड धुवायला गेली आणि नळ उघडायला घाबरली.

१४ एप्रिल

पोरीला घेऊन साताऱ्याला जायचं ठरवलं. स्टँडवर नेली. बसच्या पायरीवर चढवली आणि ती पाणी ओकायला लागली. स्वच्छ नाही, गढूळ. त्यात बेलाचं पान. ओठ निळे. खाली उतरवलं, थांबलं. पुन्हा चढवली —

घरी आणली. ताई दारात बसलेल्या होत्या. त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं.

१७ एप्रिल

वेधशाळेत गेलो. आजच्या फिल्मवर तो ठिपका जेमतेम दिसला. इतक्या खाली की डोळे दुखले. हात घालून काढता येईल असं वाटत होतं. खरंच काचेवर बोट आपटलं मी. सर बघत होते.

१९ एप्रिल

कल्पना आज सकाळी म्हणाली, ही माझी नाही. माझी कुठे आहे?



तिने आईला बोलावून घेतलंय. उद्या दुपारी देवास गेटला आणायला जाणार.

२० एप्रिल, दुपार

कल्पना स्टँडवर गेलीय. घरात मी, ताई आणि ती. ताईंनी तिला मांडीवर घेतलंय, तेल लावतायत. पंखा बंद, वीज गेलीय. शांत आहे. म्हणूनच ऐकू आलं.

गच्चीवरून. “बाबा.”

केतकीचा आवाज. खरा. घसा बसल्यावर जसा येतो तसा, दवाखान्यातला.

वर गेलो. टाकीचं झाकण मला एकट्याला सरकत नाही, आज सरकलं. पाणी तळाशी आहे. काही नाही. मग पुन्हा, “बाबा” — तळाच्याही खालून. फार खालून. तिला मी दिसत होतो. मला ती दिसत नव्हती.

हाका मारल्या. ती म्हणाली, इथे अंधार आहे. म्हणाली, माझी जागा हीच का?

खाली आलो. ताई माझ्याकडे बघत नाहीत. मी विचारलं, तुम्ही ऐकलं? त्या म्हणाल्या, “ऐकू नको, सुहास. मी इतकी वर्षं ऐकलं. ऐकू नये.”

म्हणजे त्यांनाही —

मी म्हटलं, माझी पोर आहे ती. त्या म्हणाल्या, “ही माझी आहे.” आणि तिला छातीशी घट्ट धरलं. मग रडत म्हणाल्या, “दोघींना जागा नाही रे. तूच ठरवलंस ना, कुणाला द्यायची ते.”

लिहितोय कारण हात मोकळे ठेवले तर काय करतील सांगता येत नाही. मला एक सुचलंय. सुचायला नको होतं. एक खाली गेली की दुसरी वर — तसंच झालं होतं ना, तसंच उलटं —

नाही. अंग केतकीचं आहे. हे हात तिचे आहेत. लस टोचल्याचा वण तिचा. ही तीच आहे. हिला काही केलं तर —

पुन्हा हाक आली. आता रडतेय ती.

ताई उठल्या. पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या. ती एकटी बसलीय चटईवर. माझ्याकडे बघतेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघतेय.

उठली. माझ्याकडे आली. माझ्या मांडीवर हात ठेवला. हात गार, ओला. म्हणाली, “बाबा, मला वर ने.”

आवाज केतकीचा.

हिच्या तोंडून. गच्चीवर आता शांत आहे. ही आली का? परत आली? की हिने आवाजही घेतला —

कुणाला विचारू? केतकी, असं म्हटलं. मागे वळून पाहिलं नाही तिने. हसली. बोट वर आहे, जिन्याकडे.

वर न्यायची नाही. खाली न्यायची, रस्त्यावर, उन्हात, कल्पना येईपर्यंत हात सोडायचा नाही. एवढंच. खाली. मी उठतोय. तिला कडेवर घेतलीय, डाव्या हाताने लिहितोय, जड झालीय फार, कपडे भिजलेत माझे, आणि जिन्याचं दार मी उघडलं नव्हतं, ते उघडं आहे, आणि मी खालीच निघालो होतो, खालीच, पण पायरी वर —